गाडीभर गाव

“ए गिरणीवाल्या, बंद कर ती घरघर! एसटी यायची येळ झाली अन् तू दळत बसलास व्हय?”

आबा माझ्या गिरणीच्या दारात उभे राहून ओरडत होते. खांद्यावरचं उपरणं झटकून ओरडायची त्यांची रीत. त्या दिवशीच्या झटक्यानं उडालेलं पीठ आठवडाभर खाली बसलं नाही. आवाज तर असा, की लासूर स्टेशनात मालगाडी थांबायची आणि गार्ड उतरून विचारायचा, “आबा, काही काम?” खोटं वाटत असेल तर त्या गार्डाला विचारा. तो रिटायर झाला, सापडायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

आमचं गाव लासूर स्टेशनपासून दोन कोसांवर. निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, पुढं खडीचा रस्ताही झाला. एसटी तेवढी आली नाही. डेपोतले साहेब म्हणायचे, “तुमच्याकडं माणसंच थोडी. रिकामी गाडी पळवू का?”

आबांचं मात्र घोडं वेगळ्याच जागी अडलेलं. एकुलती लेक मुकुंदवाडीला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, ही रीत. पण व्याही अडून बसले: “पोटुशी पोर बैलगाडीत हादरे खात धाडायची नाय. गावात एसटी लागंल तवा बोला.”

आबा डेपोत गेले आणि एका दिवसाची गाडी मागून आले. साहेब म्हणाले होते, “भरली तर पुढं बघू.”

“भरायची ना? अवघड काय त्यात!”

आबा घरोघर फिरले. कुणी म्हणे, म्हशी कोण पाहील? वस्तीवरचे धनगर म्हणत, शेळ्या कोण राखील? “मी हाय ना! तुमी नुसतं गाडीत बसा.” एका म्हातारीला लासूरला जायचं काहीच कारण नव्हतं. तिला म्हणाले, “आत्याबाई, बाजारात वांगी कशी दिली तेवढं इचारून या.” गाडी अशी भरली की लोक पाळीपाळीनं श्वास घेत होते.

गाडी गेली. मागं उरलो दोघं. चक्कीत दळण अर्धं म्हणून मी, आणि साऱ्या गावाची जनावरं राखायला आबा. तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. डेपोचे साहेब! गावात माणसं किती, ते डोळ्यांनी बघायला आलेले.

साहेब गल्लीगल्ली हिंडले. दारोदार कड्या. पारावर आबा, भोवती शेळ्या.

“गाव कुठं आहे?”

“गाडीत, साहेब.”

“सगळं?”

“तुमीच म्हनले ना, भरा!”

“अहो, एका गाडीत मावतं त्या गावाला रोजची गाडी कशाला?”

आबांचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. हे मी जन्मात एकदाच पाहिलं. उपरणं खांद्यावर तसंच राहिलं. मग हळूच म्हणाले, “साहेब, लेक यायचीय माझी.”

साहेब जीपकडं वळले. पण गेले नाहीत. जीपच्या सावलीत बसून राहिले.

दुपारी एसटी परतली ती एका अंगावर कलंडून. माणसं उतरायला लागली ती थांबेचनात. गेलेली तर आलीच; पण बाजारात भेटलेले जावई, मावश्या, रुसून बसलेले मेव्हणे, एक कासारीण टोपलीसकट, सगळे उतरले. पायपीट नको म्हणून वर्षानुवर्षं न फिरकलेली ही माणसं गाडी दिसताच चढली होती.

“हे कोण?” साहेबांनी विचारलं.

आबांचा आवाज परत आला. “अहो, ही आमची राहिलेली लोकसंख्या! गाडीअभावी अडकली होती!”

साहेब हसले, आणि त्याच महिन्यात गाडी रोजची झाली.

आबा लेकीला आणायला मुकुंदवाडीला गेले, तेव्हा लासूरहून येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीला सारा गाव थांब्यावर लोटला. गाडी खच्चून भरलेली. लेक पोट सावरत उतरली. बायांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी दारातून आत डोकावलो, टपावर पाहिलं, पुन्हा आत पाहिलं.

“पोरी, आबा कुठंयत गं?”

“जागा नव्हती,” ती म्हणाली. “चालत येऊ राह्यले.”