आधी गॅस बंद केला

नाटक कंपनीत असताना मावशीला सगळे ‘नळ’ म्हणायचे. फिरवला की पाणी! मुलगा हरवलेली आई असो की नवऱ्याने टाकलेली बायको, दुसऱ्या अंकाच्या शेवटी मावशी खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकवायची, आणि शेवटच्या रांगेतला माणूसही रुमाल शोधायचा. नायिकेचं काम तिला कधी मिळालं नाही. पण तिचा प्रवेश बघायला नायिका विंगेत येऊन उभी राहायची, हे काय थोडं झालं?

कंपनी बुडाली, नट पांगले. मावशीला बस स्थानकात नोकरी लागली. फलाटांच्या वर काचेची एक खोली, खोलीत एक माईक, एक खुर्ची आणि खुर्चीवर तिने घरून आणलेली उशी. कुठली गाडी कुठे लागली, कुणाची पिशवी राहिली, हे तिने दिवसभर सांगायचं. गाडी रद्द झाल्याचंही ती अशा मायेने सांगायची, की लोक शिव्या द्यायचे विसरत.

तिची भाची माहितीपट बनवायची. अंगावर कायम तोच खिसेवाला शर्ट, जेवणाची शुद्ध नाही. त्या वर्षी तिने हात घातला होता तो थेट सैन्याच्या गोष्टीला. बरीच वर्षं झाली होती, आपलं सैन्य सीमा ओलांडून शेजारच्या देशात घुसलं होतं. सीमेवरचं गाव आधीच रिकामं होतं, तिथे एकही माणूस मेला नाही, असं सरकार तेव्हापासून सांगत आलं होतं. मुलांच्या पाठ्यपुस्तकातही तेच छापलेलं. भाचीला मात्र त्याच गावातली एक बाई सापडली होती.

ती आता याच शहरात एका लाँड्रीत इस्त्री करायची. तिचा नवरा गावच्या शाळेत शिपाई होता. सैनिक शाळेचं दार तोडायला लागले तेव्हा तो घरातून ओरडत निघाला, “तोडू नका, किल्ली आणतो!” तेवढ्यावरच त्याला गोळी घातली होती. हे सगळं तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं, पण अंधारात बसून. मुलगा इथल्या सरकारी गोदामात नोकरीला होता. चेहरा दिसायला नको, आवाजही ओळखू यायला नको.

“मशीनने बदलला तर भूत बोलल्यासारखं वाटतं गं,” भाची म्हणाली. “मावशी, तू बोल. शब्द तिचेच ठेवायचे.”

“माझं नाव येणार?”

“तुझं कसं येईल? तुझा माग काढत लोक तिच्यापर्यंत जातील.”

“म्हणजे जन्मात एकदा मोठी भूमिका मिळाली, तीही बिननावाची! वा रे नशीब,” असं म्हणत मावशीने चष्मा पुसायला घेतला. म्हणजे होकारच.

भाचीच्या घरात कपाटाला गाद्या टेकवून ध्वनिमुद्रणाचा कोपरा केला होता. मावशीने कानाला हेडफोन लावून बाईचा मूळ आवाज ऐकला. बाई अगदी सपाट बोलत होती, शेजारणीला नळाची वेळ सांगावी तशी. “दूध उतू जाईल म्हणून मी आत गेले. बाहेर आवाज झाला. मी आधी गॅस बंद केला, मग बाहेर आले. ते पायरीवर पडले होते. किल्ली हातातच होती.”

मावशीने शब्द एकही बदलला नाही. पण “मी आधी गॅस” इथे ती थांबली. श्वास आत घेतला. आणि “बंद केला” म्हणताना तिचा आवाज असा फाटला की भाचीने तोंडावर हात धरला. थोडं कमी कर, असं भाची सांगणार होती. पण तिचेच डोळे भरले होते, त्यामुळे ते राहून गेलं.

एका छोट्या सभागृहात माहितीपट दाखवला. साक्षीदाराच्या सुरक्षेसाठी आवाज दुसऱ्याचा वापरला आहे, अशी पाटी सुरुवातीलाच होती. लोक हुंदके देऊन रडले. अंधारात मागे उभ्या असलेल्या मावशीला ते ऐकून जुने दिवस आठवले, आणि तिला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात एक ड्रायव्हर जिना चढून तिच्या काचेच्या खोलीत डोकावला. “मावशी, पोरीने मोबाईलवर पिक्चर दाखवला. ती रडणारी तुम्हीच की! बायकोला म्हटलं, ही बघ, आपल्या गाड्या रद्द करणारी!”

तो हसत होता. मावशीने आधी माईक बंद आहे ना ते बघितलं. रोज हजारो माणसं जो आवाज ऐकत गाडीत चढतात तो कुणाला लपवायला कसा चालेल, हे ना तिला सुचलं होतं, ना भाचीला. भाचीसाठी तो लहानपणी झोपवणारा आवाज होता. आणि मावशीला वाटत होतं, घोषणा वेगळी, भूमिका वेगळी, कोण ओळखतंय?

दूरदर्शनवर सरकारच्या प्रवक्त्याने आधी फलाटावरची घोषणा ऐकवली, मग ती साक्ष. “ही यांची साक्षीदार! भाड्याने आणलेली नटी.” पाटीचा त्याने उल्लेखही केला नाही. मुलाखत घेणारा हसला. दुसऱ्या दिवशी मावशी आपली उशी काखेत मारून घरी आली.

त्यानंतर इस्त्रीवाली बाई आपणहून भाचीच्या दारात उभी राहिली. “आमच्या माणसाला खोटं ठरवतात होय? लावा कॅमेरा. दिवे पण लावा.”

“आणि तुमचा मुलगा?” भाचीने विचारलं.

“बोलायचा बंद झालाय माझ्याशी. तसा आधी तरी कुठे फार बोलत होता!”

भर उजेडात तिने पुन्हा सगळं सांगितलं. दूध, आवाज, गॅस, पायरी, किल्ली. मध्येच थांबून म्हणाली, “ती वायर जरा बाजूला घ्या, कुणीतरी अडखळेल.” रडली नाही. भाचीने त्यातलं काहीही न कापता ते लोकांपुढे ठेवलं.

लोकांनी बघितलं आणि निकाल दिला. ही दुसरी नटी, पण पहिलीच्या पासंगालाही पुरत नाही. नवरा दारात मरतोय आणि ही गॅस बंद करते? कुणी त्यावर विनोद केले, कुणी गाणं रचलं. लाँड्रीच्या मालकाने आधी तिला आतल्या खोलीत बसवलं, मग येऊच नका म्हणून सांगितलं. मुलाची बदली लांब कुठेतरी झाली. त्याने निघताना आईला पत्ता दिला नाही.

एवढा गवगवा झाल्यावर सरकारने एका अधिकाऱ्याची चौकशी समिती नेमली. बाईला बोलावणं आलं. तशी ती मावशीकडे आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर अवघडून बसली.

“ताई, तुम्ही म्हणालात तेव्हा लोक रडले. मी म्हणते तर हसतात. मला शिकवा ना तुमच्यासारखं म्हणायला.”

“अहो बाई, ते तुमचं स्वतःचं आहे. त्याला काय शिकवायचं?”

“माझं आहे म्हणून कुणाला पटतंय?”

मावशी उठली, खुर्ची सरकवली. कुठे थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा, नजर कुठे ठेवायची, सगळं दाखवू लागली. बाई मन लावून म्हणत होती. गॅसपाशी आली की मात्र ती पुन्हा सपाट व्हायची.

“ते गॅसचं गाळू का?” तिने विचारलं. “सगळे त्यालाच हसतात.”

मावशीने क्षणभर विचार केला तो नाटकवालीचा. एखादं वाक्य नटीच्या तोंडात बसत नसेल तर ते काढून टाकतात, आयुष्यभर तिने हेच बघितलं होतं. “गाळा,” ती म्हणाली. “आवाज झाला, मी धावत बाहेर आले. बास.”

तिसऱ्या खेपेला बाईचा आवाज बरोबर जागच्या जागी फुटला. दोघींनी चहा घेतला.

समितीची खोली म्हणजे एक लांब टेबल, पंखा आणि भिंतीला लावलेल्या चार खुर्च्या. त्यातल्या एकीवर मावशी, शेजारी भाची. बाई उभी राहिली आणि बोलली. इतकी छान बोलली की टंकलेखकाची बोटं थांबली.

अधिकारी पाणी प्यायला. आवाज न चढवता म्हणाला, “बाई, कॅमेऱ्यासमोर दोन्ही वेळा तुम्ही आधी गॅस बंद केलात. आज धावत बाहेर आलात. यातलं खरं कुठलं?”

भाचीने झटकन मान वळवून मावशीकडे बघितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाईनेही मावशीकडेच बघितलं. ऐन प्रवेशात वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो ती नजर मावशीने हजारात ओळखली असती. तिचे ओठ हलले. पण शब्द कुठला पुरवायचा? खरं सांगितलं तर आजची साक्ष खोटी, आजचं धरून ठेवलं तर आधीचं सगळं खोटं.

“मला आता आठवत नाही, साहेब,” बाई म्हणाली.

“लिहा,” अधिकारी टंकलेखकाला म्हणाला. “साक्षीदाराला घटना आठवत नाही.”

जिना उतरताना भाची पुढे निघून गेली. मावशी कठड्याला धरून मध्येच थांबली. यावेळी तिला खरंच रडू येत होतं, आणि ते काही केल्या आवरत नव्हतं. बाईने तिचा दंड धरला.

“तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, ताई?” ती म्हणाली. “तुम्ही चांगलं शिकवलं होतंत. माझंच पाठांतर कच्चं.”