मावससासूबाई निघाल्या

रायगड जिल्ह्यात असं एकही गाव नसेल, जिथे आमच्या मावससासूबाई चुकून गेल्या नाहीत. आणि असंही एखादं गाव नसेल, जिथून त्या जेवल्याशिवाय परतल्या. माझ्या बायकोच्या या मावशी पेणला एकट्याच राहतात. वय अडुसष्ट. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या हातून गणपतीचा डावा डोळा उजव्यापेक्षा तसूभरही वर गेल्याचं कुणाला आठवत नाही. रस्त्यावर पाऊल पडलं, की मात्र डावं कुठलं आणि उजवं कुठलं हा त्यांच्या दृष्टीनं मतामतांचा प्रश्न होतो. आणि अशा या बाई प्रवास करायच्या तर एकट्याच! ‘सोबतीला येऊ का’ म्हटलं, की त्यांना अपमान वाटतो. ‘का? माझे पाय काय भाड्याचे हायत?’

वाट त्या कधी विचारत नाहीत. सांगतात. ‘ही रोह्याला जाते,’ असं त्यांनी एकदा एसटीच्या कंडक्टरला इतक्या ठामपणे बजावलं, की त्या बिचाऱ्यानं खाली उतरून पाटी वाचून घेतली. गाडी अलिबागची निघाली. पण एकदा बसलेल्या जागेवरून उठणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्या धरमतरला उतरल्या, खाडीकाठच्या कुणाच्या तरी घरी तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण जेवल्या, आणि माझ्या मुलीच्या बारशाला संध्याकाळी हजर झाल्या. तोवर बारसं उरकून पाळण्याचे फुगेसुद्धा फुटले होते. ‘अहो, नाव ठेवून झालं की,’ मी म्हणालो. तर मलाच म्हणतात, ‘मग मला काय ते बदलायचंय व्हय? धरमतर चांगलं हाय हो जावईबापू. तुम्ही कधी जात नाय.’

आम्ही रोह्यात नवा फ्लॅट घेतला, तेव्हा त्या थेट आमच्या वरच्या बिऱ्हाडात शिरल्या. पडदे फार गडद आहेत म्हणून सांगितलं, दोनदा चहा घेतला, तिथल्या सुनेला वालाचं बिरडं शिकवलं, आणि बराच वेळ घरातलं कुणी ओळखीचं दिसेना तेव्हा विचारलं, ‘आमचे जावईबापू शिफ्टला गेले वाटतं?’ त्या सुनेची आणि त्यांची अजून गट्टी आहे. आता त्या मुद्दाम आधी वर जातात. त्यांच्या मुलानं त्यांना मोबाइलवर नकाशा घालून दिला होता. त्यातून वाट सांगणाऱ्या बाईशी त्यांचं दुसऱ्याच दिवशी वाजलं. ‘तिला काय ठावं? ती कधी पेणला आलेय?’

हा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, पनवेलला असतो. स्वभावानं अगदी सोन्यासारखा, पण त्याला आईची भारी काळजी, आणि काळजी करणाऱ्याला अशा गमती कळत नाहीत. मागच्या दिवाळीत आमच्याकडे यायला म्हणून मावससासूबाई नेमक्या उलट्या गाडीत बसल्या, हमरापूरला उतरल्या आणि दिवसभर शेजारच्या जोहे गावात कुणाच्या तरी गणपतींना रंग देत बसल्या. फोन बंद. मुलगा पोलीस ठाण्यात जाऊन आला. त्या हसत दारात उभ्या राहिल्या, तेव्हा हा चाळिशीचा गडी ढसाढसा रडला. त्यानंतर त्यानं ठरवूनच टाकलं, की पेणच्या घराला कुलूप आणि आईनं कायमचं पनवेलला यायचं, सातव्या मजल्यावर. ‘सातव्या मजल्यावरनं बघू काय? पाण्याच्या टाक्या?’ त्यांनी खूप वाद घातला. शेवटी तडजोड अशी झाली, की त्यांनी एकदा पेणहून रेल्वेनं एकटीनं यायचं, रोह्यालाच उतरायचं आणि दुपारी एकच्या आत आमच्या घरी पोचायचं. जमलं तर मुलगा पुन्हा तो विषय काढणार नाही. चुकल्या तर त्या मुकाट पनवेलला जाणार. ‘कबूल,’ त्या इतक्या झटकन म्हणाल्या, की माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसू लागली.

मुलानं मला बाजूला घेतलं. ‘भावोजी, तुम्ही गुपचूप तिच्या मागनं या. काही वेडंवाकडं नको व्हायला.’ झालं! मावससासूबाईंवर पाळत ठेवण्याचं भाग्य कुठल्या जावयाच्या नशिबी आलं असेल? भल्या सकाळी पेण गाठलं, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, आणि डब्यात त्यांच्या मागे तीन बाकं सोडून बसलो. गाडी बरोबर पकडली होती त्यांनी. नागोठणं गेलं तेव्हा मला वाटलं, जिंकलं आता. तेवढ्यात निडी आलं. रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. मावससासूबाई उठल्या, पदर खोचला आणि माहेरी आल्यासारख्या ऐटीत उतरल्या! मी मागोमाग उडी टाकली आणि नळाच्या आड उभा राहिलो. गाडी निघून गेली.

त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. आणि मग मी जे पाहिलं, ते आमच्या घरात कुणीच कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. बाकावर बसून त्यांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली. गाडी गेली तिकडे बघितलं, मग उलट्या बाजूला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं आम्ही या बाईंना हसत आलो, कारण यांना भीती कशाशी खातात तेच ठाऊक नाही अशी आमची समजूत. पुढं होऊन हात धरावा असं फार वाटलं. पण मी पुढं झालो असतो, तर त्या हरल्या असत्या.

तेवढ्यात त्यांनी तोंड पुसलं, उठल्या आणि भाजीची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईला गाठलं. ‘काय गो, आज उशीर केलास?’ जन्मात कधी न पाहिलेली ती बाई म्हणाली, ‘काय सांगू मावशी, म्हस आडून बसली.’ पाच मिनिटांत दोघी बोलत बोलत रोह्याच्या मिनीडोर रिक्षात बसल्यासुद्धा. त्यात तेवढ्या दोनच जागा होत्या. मी निडीत.

घरी पोचायला मला अडीच वाजले. मावससासूबाई सव्वाबारालाच येऊन वाढायला लागल्या होत्या. मेहुणा दारातच ओरडला, ‘अहो भावोजी, आई कधीची आली! तुम्ही तिच्या मागे होतात ना?’ मी मागे होतो हे मावससासूबाईंना ठाऊक नव्हतं. वाढता वाढता त्यांचा हात थांबला, आणि निडीच्या बाकावरचा तोच चेहरा मला परत दिसला.

‘सांगा ना, बरोबर उतरली ना ती?’

‘त्या बरोबरच उतरल्या असणार रे,’ मी म्हणालो. ‘माझाच डोळा लागला. जाग आली, गाडी थांबलेली दिसली आणि रोहा समजून मीच निडीला उतरलो.’

घर हसून लोटपोट झालं. ‘पंधरा वर्षं रोह्यात राहताय हो!’ बायकोनं कपाळाला हात लावला. मेहुणा डोळे पुसत म्हणाला, ‘आई, तू राहा पेणला. पनवेलला मी भावोजींना नेतो.’ आणि त्यानं तो विषय खरोखरच संपवला. मावससासूबाई हसल्या नाहीत. मी नको नको म्हणत असताना माझ्या भातावर तूप वाढत राहिल्या.

संध्याकाळी त्यांना स्टेशनवर सोडायला मीच गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर टेकत त्या म्हणाल्या, ‘नळाआड तुम्हीच होतात नव्हं? मला वाटलं, कुणी चोर टपलाय.’

‘म्हणून घाबरलात होय?’

‘नाय हो. भीती दर खेपेलाच वाटते. पहिली पाच मिनटं नुसता जीव जातो.’

‘मग कशाला जाता एकट्या?’

‘घरात बसले तरी ती हायच की जावईबापू. हे गेल्यापासनं हाय. घरात ती दिवसभर असते, बाहेर पाच मिनटं.’

गाडी लागली. त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, चढल्या आणि खिडकीची जागा धरली. पेण चौथं स्टेशन, बोटांवर मोजा, एवढं सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभा राहिलो.