मॅडम, हाय का?

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचते, पण टाइमपास म्हणून. केमिस्ट्रीवाली बाई मी. ज्याचं माप निघत नाही ते मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण घरी सांगायला कुणी नाही.

भिवंडीत, कशेळीजवळ गोडाऊनच्या रांगेत आमची टेस्टिंग लॅब आहे. मागे गॅसरूम, त्यात द्रव नायट्रोजनच्या चार टाक्या. नायट्रोजन पेटत नाही, म्हणून लोकांना तो गरीब वाटतो. पण गळला की खोलीतला ऑक्सिजन हुसकावून लावतो... वास नाही, ठसका नाही, माणूस उभ्याउभ्या कोसळतो. म्हणून नियम — आत एकट्याने जायचं नाही. दुसऱ्याने दाराबाहेर थांबून दर दोन मिनिटांनी हाक मारायची. ती पाटी मीच लावलीय.

बाहेर थांबायचे ते आमचे हेल्पर हिरामणकाका, दिघाशी गावचे. "मॅडम, हाय का?" आतून मी, "आहे!" पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सुधारलं. "आहे नको बाय, जाड दारातनं ऐकू येत न्हाय. हाय बोला. आवाज न्हाय आला तं मी दार उघडनार." नऊ वर्षं हे चाललं. आई गेल्यावर तर दिवसभरात माझी विचारपूस करणारा तो एकच आवाज उरला होता.

गेल्या वर्षी काका काविळीने गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

त्या सोमवारी फायर ऑडिट होतं आणि गॅसरूममध्ये कुणीतरी रिकामे खोके रचून ठेवलेले. जळणारी वस्तू तिथे चालतच नाही. ऑक्सिजनचा अलार्म दुरुस्तीला गेलेला. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी दुपारी दोनला मी एकटीच आत शिरले... म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तिसरा खोका उचलला आणि बाहेरून हाक आली. "मॅडम, हाय का?"

सवयीने मी "हाय" म्हटलं. मग लक्षात आलं, बाहेर तर कुणीच नाही. पुन्हा हाक आली, जरा मोठ्याने. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. गुडघे कधी वाकले कळलंच नाही. तिसरी हाकही ऐकली. खरं सांगते, भीती नाही वाटली. खूप दिवसांनी कुणीतरी विचारतंय, याचं बरं वाटलं.

शुद्धीवर आले ती बाहेर, सिमेंटवर. गेटवरचा वॉचमन सुलेमान तोंडावर पाणी मारत होता. आठवड्यापूर्वीच बिहारहून आलेला माणूस.

नंतर सगळं सापडलं. एका टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. थंड गॅस जमिनीलगत साचतो, म्हणून भिंतीत खाली जाळी असते. ती शेजारच्या गोडाऊनवाल्यांनी बाहेरून गठ्ठे लावून बुजवली होती. इथपर्यंत माझ्या डोक्यात बसतं.

मी सुलेमानला विचारलं, "तुमको पता कैसे चला?"

"कोई बुड्ढा आदमी हाय-हाय करके रो रहा था, मॅडम. हम दौड़ के आए तो बाहर कोई नहीं. दरवाजा खोला, तो आप गिरी हुई थीं."

डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की मेंदू काहीही ऐकवतो. पटलंही असतं. पण सुलेमान तर गेटवर उघड्या हवेत उभा होता! त्याने काकांना कधी पाहिलेलं नाही. 'हाय' म्हणजे 'आहे', हेही त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कुणीतरी कुणालातरी 'आहे का' विचारतंय, एवढंच समजून तो जागचा हललाही नसता.

 

आता अलार्म आलाय. बाहेर सुलेमान थांबतो, त्याला हाक शिकवलीय. त्याची हाक संपली की मी क्षणभर कान देते, आणखी एखादी येते का म्हणून. येत नाही.

संध्याकाळी घराचं कुलूप काढते. आत अंधार असतो. दिवा लावायच्या आधी उंबऱ्यातच थांबते आणि जाड दारातूनही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते, "हाय, काका. हाय."