जाऊबाईंचं बसणं

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मी बसलेलं फार कमी वेळा पाहिलंय. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, मुलांचा अभ्यास घ्यायचा तोही ओट्याला टेकून. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, मला कामाचा धाक दाखवायला ही बाई मुद्दाम अशी उभी राहते. मी मनातल्या मनात जळफळायचे. मग एकदा त्या मोजे काढत होत्या आणि मला त्यांच्या पोटऱ्या दिसल्या. निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. तेव्हापासून मी तोंड बंद ठेवलं, म्हणजे माझ्या मानाने बंद.

त्या बुटांच्या दुकानात विक्रेत्या होत्या. दुकान ऐसपैस, मधोमध ग्राहकांसाठी मऊ गाद्यांचे बाक. विक्रेत्या बायकांनी एकतर उभं राहायचं, नाहीतर ग्राहकाच्या पायाशी गुडघा टेकायचा. बसायचं नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तशी गरजही नव्हती. दुकानाचे मॅनेजर दिवसभर फेऱ्या मारायचे आणि कोणी जरा टेकलेली दिसली की सगळ्यांसमोर विचारायचे, "घरी पलंग नाही वाटतं?" एकदा हे ऐकलेली बाई पुन्हा टेकायची नाही.

जाऊबाईंना ते काम मनापासून आवडायचं. सुजल्या पायांची म्हातारी माणसं दारातूनच त्यांची चौकशी करत यायची. मला मात्र त्या घरी नव्या चपला घालून चालायला लावायच्या आणि म्हणायच्या, "अगं, तू चालतेस की भांडायला निघतेस?"

एका दुपारी माळ्यावरची खोकी उतरवून उतरवून त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दुकानात ग्राहक एकही नव्हता. त्या बाकावर बसल्या. पाठ टेकली नाही, डोळे मिटले नाहीत, नुसत्या बसल्या. मॅनेजरांनी पाहिलं. दुकान बंद होताना हातात पत्र: ग्राहकांच्या जागेचा गैरवापर, कामचुकारपणा, सबब कामावरून कमी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पदर खोचूनच निघाले होते, पण त्यांनी माझा दंड धरला. त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "कामचुकार म्हणाले गं. मला!"

काही दिवसांनी मालकांचा निरोप आला: राजीनामा द्या, आम्ही चांगला दाखला देतो, विषय संपवू. मोठे दीर म्हणाले, घे पदरात पाडून. तो शिक्का घेऊन दुसरं कुठलं दुकान दारात उभं करणार नव्हतं, हे त्यांचंही खरंच होतं. जाऊबाई म्हणाल्या, "शब्द मागे घ्या आणि कामावर परत घ्या. दुसरं मला काही नको." आणि प्रकरण कामगार न्यायालयात गेलं.

आमच्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांना सदानकदा सर्दी. पण बोलायच्या स्वच्छ. "उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय हवी आणि काम नसेल तेव्हा बसू द्यायला हवं, असा कायदा आहे. माणसाला माणसासारखं वागवा, एवढाच त्याचा अर्थ. पण दुकानवाले म्हणतात, काउंटरमागे स्टुलं होतीच, तुम्ही मुद्दाम ग्राहकांच्या बाकावर बसलात. स्टुलं नव्हती असं सांगणारं कोणी आहे?"

कोणी नव्हतं. सगळ्या अजून तिथेच नोकरीला होत्या. मी एकेकीच्या घरी जाऊन आले. चहा सगळ्यांनी दिला, साक्षीचं नाव काढलं की सगळ्यांची दातखिळी बसली.

जाऊबाईंच्या साक्षीच्या दिवशी तर आम्ही आपल्याच पायांवर धोंडा मारून घेतला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "बसून बोला." जाऊबाई म्हणाल्या, "असू दे." त्यांनी पुन्हा सांगितलं, जाऊबाई पुन्हा "असू दे" म्हणाल्या आणि सगळी उलटतपासणी उभ्याने दिली. दुकानाच्या वकिलाने संधी सोडली नाही. "बघा, कोर्टाने बसा म्हटलं तरी या बसत नाहीत. यांची आवडच ती. त्याचा दोष आमच्या माथी का?" लोक हसले. मी ओठ चावून गप्प राहिले, कारण कोर्टात ब्र काढणार नाही अशी जाऊबाईंनी माझ्याकडून शपथ घेतली होती. बाहेर आल्यावर मात्र मी त्यांच्यावरच चिडले. "अहो, बसायला काय झालं होतं तुम्हाला?" त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मला नाही जमलं गं."

पुढच्या तारखेला दुकानाने आपली साक्षीदार आणली, गल्ल्यावर बसणारी मुलगी. गल्ल्यावर बसणारी असं आपलं म्हणायचं, पैसे तीही उभ्यानेच घ्यायची. जाऊबाईंनीच तिला काम शिकवलेलं. तिची आई आजारी होती तेव्हा तिची कामाची पाळी यांनीच सांभाळली होती. दुकानातल्या आणखी तिघी गर्दी दाखवायला मागच्या बाकावर आणून बसवल्या होत्या. मॅनेजरांची साक्ष नंतर होती, म्हणून ते बाहेर थांबले होते.

मुलगी खुर्चीत बसली. तिने जाऊबाईंकडे पाहिलं नाही.

"काउंटरमागे स्टुलं होती?" दुकानाच्या वकिलाने विचारलं.

"होती."

"बसायला कोणाची मनाई होती?"

"नाही. कधीही बसता यायचं."

पढवलेलं होतं, पण चोख होतं. शेजारी जाऊबाईंचे हात मांडीवर पालथे पडले होते, जसे काही दुसऱ्याचेच. त्या पुटपुटल्या, "तिला दोष देऊ नकोस. तिला घर चालवायचंय." मला मात्र त्या क्षणी तिला दोष द्यायचाच होता, मनसोक्त.

दुकानाच्या वकिलाला स्टुलांचे फोटो दाखवायचे होते. ते बाहेर मॅनेजरांकडे राहिले होते. त्याने शिपायाला आणायला पाठवलं. शिपायाच्या हाती फोटो द्यायचे, तर मॅनेजर स्वतःच दार ढकलून आत आले.

आणि साक्षीदार मुलगी ताडकन उभी राहिली. मागच्या बाकावरच्या तिघीही उठल्या. आणि माझ्या शेजारी, कामावरून काढून वर्ष उलटून गेलेल्या माझ्या जाऊबाई, त्याही उठल्या.

जाऊबाईंचं तोंड लाजेने लालबुंद झालं होतं. खाली बसायचंही त्यांना सुचेना.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला अजून बोलावलेलं नाही. बाहेर थांबा," त्या मॅनेजरांना म्हणाल्या. दार बंद होईपर्यंत थांबल्या आणि काय घडलं ते लेखनिकाला जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

दुकानाचा वकील घाईने उठला. "वरिष्ठांबद्दलचा आदर आहे, बाईसाहेब. यात काय विशेष?"

"असेल. मी त्यांनाच विचारते." त्या मुलीकडे वळल्या. "साहेब आले की उठायचं, अशी दुकानात पद्धत आहे का?"

"नाही."

"मग?"

मुलीने दाराकडे पाहिलं. दुकानाच्या वकिलाने घसा खाकरला. न्यायाधीशबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "घाबरू नका. खरं सांगितलं म्हणून तुम्हाला कोणी त्रास दिला तर ते मी बघेन."

"उठायची पद्धत नाही बाई," मुलगी म्हणाली. "दुकानात बसलेलं कोणी नसतंच."

"मग आज का उठलात?"

"आज त्यांनी मला बसलेलं पाहिलं ना!" आणि तिला रडू फुटलं. आमच्या वकीलबाईंनी आपला रुमाल पुढे केला आणि मग सर्दीची आठवण होऊन परत घेतला. शेवटी मीच माझा दिला.

निकाल यायला वेळ लागला. तेवढे दिवस आमच्या घराचा जीव टांगणीला होता. शेवटी न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं: कोर्टात कोण उठलं एवढ्यावर हा निकाल नाही. स्टुलं यांना काढल्यानंतर विकत आणली, हे मॅनेजरांनी उलटतपासणीत कबूल केलंय. आणि जिच्यावर बसायची कोणाची छाती होत नाही, ती सोय कागदावरच राहते. थकलेली बाई रिकाम्या दुकानात क्षणभर बसली म्हणून तिची नोकरी आणि तिचं नाव दोन्ही हिरावून घेता येत नाही. 'कामचुकार' हा शब्द काढून टाकावा. यांना परत कामावर घ्यावं. गल्ल्यावरच्या मुलीला साक्षीबद्दल त्रास होऊ नये.

जाऊबाई कामावर परत गेल्या त्या आठवड्यात मी चपला घ्यायच्या निमित्ताने दुकानात डोकावले. काउंटरमागे स्टुलं होती. जाऊबाई एकावर बसल्या होत्या, अगदी कडेला, आता पडतील की काय अशा. गल्ल्यावरची मुलगी दुसऱ्यावर. मला बघून जाऊबाई हसल्या. तेवढ्यात आतल्या दारातून मॅनेजर आले.

मुलगी अर्धी उठली आणि तिने जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंच्या टाचा उचललेल्या मला स्पष्ट दिसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली.

मॅनेजर समोरून गेले. जाऊबाई बसून राहिल्या.