शेजारच्या आजोबांचा काळा शर्ट

सिंगापूरला, बेडोकमध्ये आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक ग्रीक आजोबा राहायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरुणपणी जहाजावरून आले आणि इथलेच झाले. इंजिनरूममध्ये हयात गेल्यामुळे ते कुजबुजले तरी लिफ्टपर्यंत ऐकू जायचं. "पापू, हळू लाह!" असं ग्रीकमधल्या 'आजोबा'ला इथला 'लाह' जोडून नात त्यांच्यावर ओरडायची.

पुण्यात माझे बाबा गेले, त्या दुपारी मी मुकाट्यानं बॅग भरत होतो. माझ्या बायकोकडून कळताच आजोबा आत आले, माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडू लागले.

"तुम्ही तर बाबांना कधी भेटलाही नव्हतात," मी म्हणालो.

"नाही. पण या घरात कुणीतरी रडायला हवं ना!"

मग त्यांनी बॅगेत डोकावून पाहिलं. "काळा शर्ट कुठाय? बाप गेलाय तुझा!" आणि घरी जाऊन स्वतःचाच घेऊन आले. आमच्यात पांढरं घालतात, हे मला सांगवेना.

पुण्यात पांढऱ्या कपड्यांतल्या नातेवाइकांमध्ये मी तो ढगळ शर्ट घालून बसलो. आईनं हळूच विचारलं, "कुणाचा रे हा?"

"शेजारच्या आजोबांचा," एवढंच म्हणालो, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.