न ओसरणारी रेषा

काका सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजन भरत होते. किरण मोजणारा स्फटिक कायम गारठलेला लागतो. दर आठ तासांनी त्याची तहान भागवायची. घरात मला कुणी इतक्या वेळेवर पाणी विचारत नाही, असं काकू म्हणत. पीएच.डी. करणाऱ्यांना काका आधीपासूनच 'डॉक्टर' म्हणत, कारण ती झाल्यावर कुणी थांबत नसे.

सध्याच्या डॉक्टरबाईंचं हे सहावं वर्ष. न्यूट्रॉनांनी ठासून भरलेली अणुकेंद्रं त्या तपासत होत्या. कणांच्या झोताने ती घडत आणि त्यांतली निम्मी दोन सेकंदांत विझत. ती पाहायची पाळी मात्र दोन वर्षांनी येई. या खेपेला किरणांच्या आलेखात एक नवीच रेषा उगवली होती आणि प्रबंध तिच्यावर टेकला होता. संध्याकाळी सहाला झोत दुसऱ्या गटाकडे जाणार होता.

दुपारी झोत थोडा वेळ बंद पडला. नायट्रोजन भरता भरता काकांनी पडद्याकडे पाहिलं. बाकीच्या रेषा गपगुमान थांबल्या होत्या. नवी मात्र झोत नसतानाही संथपणे वाढतच होती. बाई टेबलावर डोकं टेकून झोपल्या होत्या.

काकांचा गुडघा ठणकला. उपकरण तपासायची किरणोत्सारी चकती तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ठेवायची असते. काका आधी वहीत 'परत ठेवली' म्हणून सही करत, मग जिने चढत. सोमवारी सही झाली होती. गुडघ्यापायी जिने राहिले होते. चकती स्फटिकाशेजारच्या शिशाच्या विटांमागेच होती; तिचे बाकीचे किरण शिशाने गिळले, सर्वांत जोरकस तेवढा पाझरत राहिला.

गुपचूप वर नेली असती तरी चाललं असतं. वही स्वच्छ होती, निवृत्तीला चार महिने होते. प्रबंधही छापला गेला असता, आणि ती रेषा पुन्हा कुणालाच सापडली नसती.

काकांनी टेबलावर टकटक केली.

"डॉक्टर, उठा. ती रेषा तुमची नाही. माझी आहे."

बाईंनी पडदा पाहिला, मग चकती. रागवायलाही अंगात काही उरलं नव्हतं. किती वेळ आहे, एवढंच त्यांनी विचारलं. काका म्हणाले, चार तास.

"मग वर ठेवून या. आणि काका, सही खाली आल्यावर."

बहात्तर पायऱ्या. काका खाली आले तेव्हा झोत परतला होता आणि नव्याने सुरू केलेल्या आलेखात रेषेच्या जागी सपाट होतं, काहीच नव्हतं. बाई तेच मोजत बसल्या होत्या. काकांनी सोमवारची सही खोडली, आजची तारीख घालून नवी केली आणि शेजारची खुर्ची ओढली.