पहिला फोटू कुणाचा?

कडा गावच्या एसटी स्टँडजवळ माझ्या सुनेचं, सविताचं, वेबसाइट बनवायचं दुकान हाय. दुपारी मी तिथं शेंगा फोडत बसते. टरफलं सांजच्याला झाडून टाकता येतात, पण किस्से जमतच राहतात!

सविताच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट नवरीसारखी नटलेली असती, अन् गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर गेली की पदर एकीकडं, पिना दुसरीकडं. ती सांगते, "नेट बघायच्या खिडक्या येगळ्या येगळ्या असतात. त्याला ब्राउझर म्हणतात."

यंदा तिला पहिलं मोठं काम आलं. आष्टी रोडच्या मंगल कार्यालयाचं. मालक दोन सख्खे भाऊ, थोरले नाना अन् धाकटे बापू. दोघांत बोलणं बंद. वेबसाइटच्या उद्घाटनाला एकानं जरी नाक मुरडलं, तर काम शहरातल्या कंपनीला जाणार अन् सविता परत लोकांचे फॉर्म भरत बसणार. तवापासून तिला घास गोड लागंना.

*

त्यात डाळिंबाची रोपं विकणारे एक पावणे आले. "ताई, माझी रोपं अंधारात कावून ठुली?"

बघितलं तर मोबाइलवर वेबसाइटचं पान काळंभोर, त्याच्यावर अक्षरं बी काळी!

"भाऊ, तुमच्या मोबाइलचा डार्क मोड चालू हाय."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू? रोपं बघायला बॅटरी घेऊन ये?"

*

साडीवाल्या मंगलबाईचं उलटं. तिच्या साड्यांच्या फोटूंची रांग, स्लाइड शो म्हणतात त्याला, एका ब्राउझरात सुसाट पळायची. "अगं, आमच्या बाया एका काठावर तास घालवतात, अन् तू दोन सेकंदात साडी पळवती!"

सवितानं थांबवायचं बटन बसवलं. कॉम्प्युटरवर ते नीट कोपऱ्यात. मंगलबाईच्या मोबाइलवर मात्र तिच्या नवऱ्याच्या फोटूत, बरोबर तोंडावर!

सविता काढायला गेली तर बाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे! मला इतक्या वर्सांत जमलं न्हाई, ते तुझ्या बटनानं केलं."

*

मला अक्षर वळखू येत न्हाई, पण फोटू ध्यानात राहतो. म्हणून कार्यालयाचं पान तपासायला सविता बाकावर चार मोबाइल मांडायची अन् मला बसवायची.

मी म्हणलं, "ह्या तिसऱ्या मोबाइलात नवरीच्या खोलीनंतर एकदम पंगतच येती. मधला मांडव कुठं गेला?"

दिवसभर शोधून तिला चूक सापडली. "आत्याबाई, मला दिसलं न्हाई ते तुमाला कसं दिसलं?"

"गावातल्या चाळीस लग्नांत कुणी काय आहेर केला ते सांगते. तुझे चौदा फोटू म्हंजी काय!"

*

खरी पंचाईत पुढंच. नाना म्हणाले, "माझा फोटू पहिला." बापू म्हणाले, "माझा पहिला, न्हाई तर काम बंद."

सवितानं थोरल्याचा पहिला ठुला अन् जीव मुठीत धरून दोघांना पान पाठवलं. नानाचा फोन आला, "झकास!" मागोमाग बापूचा, "लई झकास!"

बापूच्या मोबाइलात रांग उलटी चालू व्हायची, शेवटच्या फोटूपासून. अन् शेवटचा फोटू बापूचा!

"आत्याबाई, ही चूक हाय. दुरुस्त करू?"

"गप बस. चूक दोघांना मानवलीय."

*

उद्घाटनाच्या दिवशी कळलं की वेबसाइट हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावायची हाय. त्याचा ब्राउझर तिसराच! तिथं पहिला कोण येणार, सविताला ठाऊक न्हाई.

नाना एका सोफ्यावर, बापू दुसऱ्यावर. मधल्या खुर्चीत त्यांची म्हातारी आई. सारं गाव समोर. सवितानं बटन दाबलं. पहिला फोटू बाहेर सरकला, रांग उलटी फिरून शेवटचा आत आला, अन् अर्ध्यावर अडकला! डाव्या अंगाला नानाची अर्धी मिशी, उजव्या अंगाला बापूचा अर्धा चष्मा.

नाना ताडकन उठले. बापू बी उठले.

सविता रडकुंडीला आली. "एका मिनिटात नीट करते!"

म्हातारीनं हात वर केला. "पोरी, हात लावू नको. लई वर्सांनी दोघं एका फोटूत आलेत."

नाना टीव्हीकडं बघत उभेच. मग मान न वळवता म्हणाले, "बापू, चष्मा कवा लागला रं तुला?"